कोरड्या गादीतली ओल

नांदुऱ्यात नवा माणूस आला की तिसऱ्या वाक्याला त्याचं गाव निघतं, पाचव्याला सोयरीक निघते, आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो कोणाच्या तरी साडूचा भाऊ ठरतो. ही आमच्याकडची जुनी रीत. पण एक डॉक्टर आमच्यात चार वर्षं राहिले आणि त्यांचं गाव काही निघालं नाही.

"कोन्या गावचे म्हना साहेब?" असं कोणी विचारलं की ते विचारणाऱ्याकडे नीट पाहत आणि म्हणत, "का विचारावंसं वाटलं?" त्यात टोमणा नसे. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारत. आता यावर भल्या माणसानं बोलावं काय? गाव विचारतात बाप्पा, त्याला कारण लागतं का? माणसं "तसं नाई, सहज" करत निघून जात आणि पुढच्या पानठेल्यावर त्यांचं गाव स्वतःच ठरवून टाकत.

त्यामुळे प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा होता. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणत, भाषा एवढी स्वच्छ आहे म्हणजे पुण्याचाच. स्टेशनातला एक जुना बाबू पैजेवर सांगे की इंदूरचा आहे. एक अडत्या सांगत फिरे की हा आपल्याच समाजाचा, पण लपवून राह्यला. माझी बायको त्यांना एकदाच रस्त्यात पाहून आली आणि म्हणाली, "लहानपनी माय गेलेलं लेकरू दिसते." मला विचाराल तर पहिल्याच भेटीत माझी खात्री झाली, की हा माणूस कडक आहे आणि आपल्याबद्दल त्याचं मत वाईट आहे. तोवर त्यांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पुढे कळलं, की त्यांचा सगळा धंदा लोकांच्या अशा आपापल्या समजुतींवरच चालतो.

ही गोष्ट महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची. वेड लागलं तर नागपूरला नेतात, भूत लागलं तर दर्ग्यावर नेतात, आणि दोन्ही नसेल तर गप्प बसतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अशा गावात या गृहस्थांनी स्टेशनकडून कापसाच्या जिनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं कवलारू घर भाड्यानं घेतलं आणि बाहेर पाटी लावली, "मनाचे आजार. फक्त बोलून उपचार." पाटी वाचून लोक हसले. बोलायला नांदुऱ्यात डॉक्टर कशाला पाहिजे? इथं तर उलट लोकांना गप्प करायला कोणीतरी हवं.

घर घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर मागची भिंत फोडून एक दार पाडलं. घरमालक बोंबलत आला. डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं, की एक माणूस पुढून येईल आणि त्याचं झालं की मागून जाईल, म्हणजे बाहेर बसलेल्या दुसऱ्याला त्याचं तोंड दिसणार नाही. हेतू चांगला होता. पण समोरच्या हॉटेलात बसलेल्या मंडळींना काय दिसे, तर माणूस आत जाते, पण बाहेर निंगत नाही. तासाभरानं दुसरा जाते, तोही निंगत नाही. पंधरा दिवसांत अशी बोलवा झाली की पोरं त्या घरासमोरून पळत जाऊ लागली.

आता माझं सांगतो. मी एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा पारखी होतो. शेतकऱ्याची बैलबंडी आत आली की तिच्यातला कापूस पाहून अव्वल, दुय्यम की कवडी हे मी सांगायचं, आणि मी सांगितलं की पुढचं ठरायचं. डोळ्यानं पाहणारे पारखी पुष्कळ असतात. मी हातानं पाहायचो. थोडी रुई दोन्ही चिमटींत धरायची, ओढायची, परत जुळवून ओढायची. तिची तार किती, कस किती, ओल किती हे उजव्या अंगठ्याला कळायचं. आणि वरवरचं पाहून मी कधी सोडत नव्हतो. कोपरापर्यंत हात बंडीच्या तळाशी घालायचा, हा माझा नेम. कारण लोक वजनासाठी खालच्या थराला पाणी मारत. हे सगळं मला माझ्या बापानं शिकवलं. वडनेर भोलजीला आमची शेती. आबाच्या हातासारखा हात त्या भागात दुसऱ्याचा नव्हता.

आबा वैशाखात गेला. तेरवी झाली, मी नांदुऱ्याला परत आलो, आणि चार-आठ दिवसांत उजव्या अंगठ्यातली जाणीव गेली. हलायचा, वाकायचा, विडी धरायचा. पण समजायचं काही नाही. सुई टोचली तर रक्त यायचं आणि दुखायचं नाही. मी तेल चोळलं, शेक दिला, अंगारा लावला. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, नस बरोबर आहे, हाड बरोबर आहे, तुम्ही नांदुऱ्याचेच ना, तिथं एक जण आहेत, त्यांच्याकडे जा. जिनाच्या मॅनेजरनं सरळ सांगितलं, "दसऱ्यानंतर बंड्या सुरू होतीन. तोवर आंगठा आला तं ठीक, नाई तं मले दुसरा पारखी पाहा लागन." मला तीन लेकरं होती आणि दुसरं कोणतंही काम येत नव्हतं.

आमच्याकडे दवाखान्यात एकटं कोणी जात नाही. मी साळ्याला घेऊन गेलो. साळा बोलका. आत जाऊन बसलो तशी त्यानं माझी सगळी हकीकत सुरू केली. डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा." साळा म्हणाला, "पन साहेब, त्याले सांगता नाई येत." डॉक्टर म्हणाले, "मग ते मला त्यांच्याकडूनच कळू द्या." साळ्यानं पुढे वर्षभर त्यांचं नाव काढलं नाही.

मग त्यांनी मला ही काय भानगड आहे ते सांगितलं. एवढं सलग ते त्यानंतर कधीच बोलले नाहीत. म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस यायचं, ठरल्या वेळी, पन्नास मिनिटं. या बाजेवर पडायचं. मी तुमच्या डोक्याच्या मागे खुर्चीवर बसेन, तुम्हाला दिसणार नाही. मनात जे येईल ते बोलायचं. फालतू वाटलं तरी, लाज वाटली तरी, माझ्याबद्दल वाईट आलं तरी. स्वप्न पडलं तर तेही. मी फार बोलणार नाही. काय करा आणि काय नका करू, हे तर सांगणारच नाही. आणि इथलं बाहेर जाणार नाही.

मी म्हटलं, "आन् इंजेक्शन?"

"नाही."

"गोळी?"

"नाही. आणि मध्ये काही दिवस तुम्हाला आधीपेक्षा जास्त वाईट वाटण्याची शक्यता आहे."

"मंग फायदा काय साहेब?"

"तुम्हाला अंगठ्याला लागलेलं कळत नाही," ते म्हणाले. "लागलंय कुठे ते आपण शोधू."

मला हे काही पटलं नाही. पण दुसरा रस्ता नव्हता, म्हणून गेलो.

त्यांच्या नेमाच्या गोष्टी सांगाव्या तेवढ्या थोड्या. कोणाचं काही घेत नसत. भुईमुगाच्या शेंगा, दही, खवा, काही नाही. बाजारात पेशंट भेटला तर मान हलवून पुढे जात. पेशंटच्या घरच्या लग्नाला जात नसत. आमच्याकडे लग्नाला न जाणं म्हणजे दुश्मनीच. वेळ झाली की माणूस वाक्याच्या अर्ध्यात असला तरी खुर्ची सरकवून म्हणत, "आज इथं थांबू." एक म्हातारा तर रडत होता म्हणतात, त्यालाही तेच.

आणि वेळेबद्दल असं, की माणूस आला नाही तरी ते त्याची वेळ दुसऱ्या कोणाला देत नसत. आमच्याच वडनेरचा एक शेतकरी त्यांच्याकडे यायचा. त्याची पेरणी आली. तास वाया जाऊ नये म्हणून त्यानं आपल्या जागी धाकट्या भावाला पाठवलं. भाऊ येऊन बाजेवर आडवाही झाला. "थो पेरनीत गुतला साहेब. त्याचं समदं मले मालूम हाय, इचारा तुमी." डॉक्टरांनी त्याला उठवून घरी पाठवलं. मग दार लावून त्या रिकाम्या बाजेमागे खुर्चीवर पन्नास मिनिटं बसून राहिले. खिडकीतून पाहणाऱ्यानं पाहिलं आणि गावभर झालं, की डॉक्टरच खसकला. पुढच्या वेळी तो शेतकरी आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "मी परवा तुमची वाट पाहिली." तो माणूस मला सांगत होता, की भाऊ, आपली वाट पाहत कोणी बसलं असं माह्या जल्मात नाही झालं. ते ऐकून मी हसलो होतो.

मी मात्र पहिले दोन आठवडे आबाची पोथी वाचली. आबा असा, आबा तसा, आबानं कधी कोणाचं काडीचं खाल्लं नाही, आबा देवमाणूस. मागून काही नाही. मधूनच "हं." घड्याळाचं टिकटिक. मी घसा खाकरला की ते थांबत, मी थांबलो की तेही थांबत. एकदा वैतागून मी पंधरा मिनिटं मुद्दाम गप्प पडलो, म्हटलं पाहू कोण हरते. मीच हरलो. मग म्हणालो, "तुमी झोपले का?" तर म्हणाले, "मी झोपलो तर तुम्हाला काय वाटेल?" आता ही काय बोलण्याची पद्धत झाली!

मग मला वेळेवर जावंसंच वाटेना. कधी उशीर होई, कधी चपला सापडत नसत, एकदा तर मी रस्त्यानं चालत चालत सरळ जिनात जाऊन बसलो आणि तास उलटून गेल्यावर आठवण झाली. माझी वेळ होती तेव्हा ते रिकाम्या बाजेमागे बसले असतील, हे डोक्यात येऊन मला उगाच राग आला. कोणी सांगितलं होतं बसायला?

त्याच आठवड्यात भाजीबाजारात ते दिसले. माझ्याबरोबर जिनातली दोन माणसं होती. मी मोठ्यानं "राम राम डॉक्टरसाहेब" घातला. त्यांनी मान हलवली आणि वांगी न घेताच पुढे निघून गेले. माझं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी बाजेवर पडल्या पडल्या मी सुरू झालो. "मानूस हायेत का कोन हायेत तुमी? चार लोकाइत तोंड फिरवता? आमी काय भिकमांगे हाओत?" आणखी पुष्कळ बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तोंड फिरवलं. हे कोणी केलं होतं तुमच्याशी?"

"कोनी नाई," मी म्हणालो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्याच केलं होतं."

"कोणाशी?"

तेवढ्यात वेळ झाली. मी मागच्या दारानं निघालो.

पुढच्या खेपेपासून मी गादीच्या मागे लागलो. त्या बाजेवर जी गादी होती ती कवडी कापसाची. माझ्यासारख्या माणसाला असल्या गादीवर निजवायचं म्हणजे गवयाला फुटक्या पेटीशेजारी बसवण्यासारखं. गाठी झालेल्या, सरकीचे तुकडे आत. मी दोन दिवस त्या गादीवरच बोललो. म्हटलं, मी अव्वल रुई आणून भरून देतो, पैसे नको. ते म्हणाले, "मला काय द्यावंसं वाटतंय तुम्हाला?" म्हटलं, रुई. 

पोळा होऊन गेला होता. दसऱ्याला महिना राहिला नव्हता. मॅनेजरनं मलकापूरचा एक पारखी पाहून ठेवला आहे असं मला जिनात कळलं होतं, आणि मी त्याच डोक्यानं त्या दिवशी बाजेवर जाऊन पडलो. पडल्यावर हात सवयीनं गादीच्या कडेनं खाली गेला.

"साहेब, ही गादी खालून ओली हाय."

"ओली?"

"हाव. वरून कोरडी दिसते. पन खालच्या थराले पानी हाय. मले लागून राह्यलं ना."

ते नेहमीसारखे गप्प बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. पण ते म्हणाले, "उठून पाहा."

मी उठलो, गादी उलटी केली, दोन्ही हात फिरवले, कोपऱ्याची शिवण उसवून आत बोटं घातली. गादी खडखडीत कोरडी होती. खालची सुतळी कोरडी, फरशी कोरडी. मी वेड्यासारखा चाचपत राहिलो.

"कशाला लागली ओल?" डॉक्टरांनी विचारलं. "कोणत्या बोटाला?"

मी उजवा हात वर धरून पाहिला. ज्या अंगठ्याला सुई कळत नव्हती, त्या अंगठ्याला ओल लागली होती. मी तिथंच फरशीवर बसलो.  आणि मग चार वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आबाची बंडी माझ्या जिनात आली होती. हंगाम भर होता, रांगेत तीस-चाळीस बंड्या, सगळी ओळखीची माणसं. आबा बंडीवर बसून माझ्याकडे पाहत होता. वरचा कापूस दुधासारखा. मी नेमाप्रमाणे हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळाला ओल लागली. दवाची नाही, पाण्याची. मारलेल्या पाण्याची. मी वर पाहिलं. आबाची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मला वाटलं, हा मला विनवून राह्यला. मला वाटलं, ह्यानंच मला शिकवलं आणि हाच मला आज चोर बनवून राह्यला. मी हात काढला, धोतराला पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "अव्वल." त्याच दिवशी दुपारी दोन दुसऱ्या बंड्या मी ओलीसाठी परत पाठवल्या. त्यातल्या एका माणसानं माझे पाय धरले होते.

त्यानंतर मी वडनेरला जाणं सोडलं. पोळ्याला आणि दिवाळीला जायचो, तेही उभ्या उभ्या. आबा म्हणे, "थांब ना एक रोज." मी तोंड फिरवून म्हणे, "काम हाय." चार वर्षं. मग तो गेला. खांदा दिला, अग्नी दिला, डोळ्यातून टिपूस नाही. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे.

"मले त्याचा राग होता साहेब," मी म्हणालो. "लय राग होता. मेला तरी गेला नाई." आणि भिंतीकडे तोंड करून मी आबाला शिव्या दिल्या. बापाला. आमच्या घरात कोणी मोठ्या आवाजात बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, "आज इथं थांबू."

अंगठा त्या दिवशी काही बरा झाला नाही. लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांना तसंच हवं असतं. आधी चार दिवस मला ताप आला, मग जेवण जाईना, मग अंगठ्यात मुंग्या आल्या. नवरात्रात एका सकाळी चहाची कपबशी उचलताना चटका बसला आणि मी कप फेकून दिला. बायको धावत आली तर मी हसत होतो. दसऱ्यानंतर बंड्या सुरू झाल्या तेव्हा मी जागेवर होतो आणि मलकापूरचा पारखी मलकापुरात होता.

मला वाटलं, झालं, संपलं. डॉक्टर म्हणाले, ठरवा तुम्ही. मी जात राहिलो. पुढचा उन्हाळा येईपर्यंत गेलो. अंगठा आला होता, पण आबाचं काय करायचं ते कळत नव्हतं. एकदा मी विचारलं, "आता मी काय करू? जिनात जाऊन सांगू? त्या पाय धरनाऱ्या मानसाले शोधू?" ते म्हणाले, "तुम्हाला माझ्याकडून काय ऐकायचंय?" मी म्हटलं, एक सरळ उत्तर ऐकायचंय. ते नाही दिलं. त्या माणसाला मी पुढे शोधलं, पण तो सुरतेकडे निघून गेला होता.

आणखी एकदा ते म्हणाले होते, "इथं येतो तो तुमच्या मनातला बाप. घरी होता तो कसा होता, मला ठाऊक नाही." मी वाद घातला. म्हटलं, माह्या बाप मले मालूम नाई का? 

दोन वर्षांनी त्यांनी घर सोडलं. आपल्या पेशंटना त्यांनी तीन महिने आधी तारीख सांगितली होती आणि त्या तीन महिन्यांत फक्त जाण्याबद्दलच बोलू दिलं, असं मला नंतर कळलं. हेडमास्तरांनी सत्कार करायचा घाट घातला, तर ते म्हणाले, "सत्कार कशाबद्दल?" आणि हेडमास्तरांना काही सांगता येईना. कारण ज्यांना सांगता आलं असतं ते गप्प होते. स्टेशनवर पोचवायला कोणी गेलं नाही. मी गेलो होतो, पण स्टेशनच्या पुलाच्या त्या बाजूला उभा राहिलो. त्यांच्यासोबत एक ट्रंक आणि वळकटी. गाडी मुंबईकडची होती की नागपूरकडची, याच्यावरही गावात अजून दोन मतं आहेत.

त्यांना सांगावं असं त्यांच्यामागे एकच घडलं. पण पत्र टाकायला पत्ता कोणाकडे होता?

ते गेले त्या उन्हाळ्यात मी मायला वडनेरहून आमच्याकडे आणलं होतं. दुपारी ती ओसरीवर वाती वळत बसली होती आणि मी शेजारी पडलो होतो. पूर्वीचा मी असतो तर बोललो नसतो. म्हटलं, "माय, एक सांगतो. त्या साली आबानं कापसाले पानी मारलं होतं. माह्या हाताले लागलं होतं. मले मालूम असून म्या अव्वल म्हनलं."

तिचा हात थांबला. "त्यानं?" ती म्हणाली. "त्यानं कायले मारन? म्या मारलं होतं."

मी उठून बसलो.

"समदेच मारत. शेजारची म्हने, तूच येवढी हरिश्चंदराची बायको लागून गेली का. तुह्या बाप बैलाले चारा टाकाले गेला, तवा म्या दोन घागरी वतल्या आन् वरून कोरडा कापूस लावला. त्याले मालूम पडलं असतं तं बंडी जाग्यावरून हालली नसती."

"मंग तो तसा काऊन पाहून राह्यला होता माह्याकडे? म्या हात घातला तवा?"

"पाहीन नाई तं काय!" माय म्हणाली. "घरी आला तं भाकर नाई पानी नाई, पयले मले सांगत बसला. म्हने, येवढी मानसं होती, पन त्यानं बापाची बंडी म्हनून वरवर नाई पाह्यलं. कोपरालोक हात घातला, मंग अव्वल म्हनला. आख्ख्या गावाले सांगतलं त्यानं. माह्या पोट्ट्यानं बापालेबी नाई सोडलं म्हने."

मला रडू फुटलं. आबा गेल्यापासून पहिल्यांदा मी आबासाठी रडलो. त्याच्या रागानं नाही, तो नसल्यामुळे. चार वर्षं मी त्या माणसाकडे पाठ करून उभा राहिलो होतो. माय घाबरली, वाती बाजूला सारून माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, आणि तिला वाटलं की बापाच्या कौतुकानं मला भरून आलंय, म्हणून बिचारी आणखी सांगत गेली.

"मंग तुहं येनंच बंद झालं," ती म्हणाली. "तो म्हने, मोठा पारखी झाला आता, कामं असतीन त्याले. पन ऐतवारी नांदुऱ्याहून दुपारची येष्टी येऊन जाये ना, तवाच जेवाले बसे."